गाडी ओरडते, मालक कुठे?

मुलांनो, डोळ्यांना पापण्या असतात. नको ते दिसलं की आपण पटकन डोळे मिटून घेतो. पण कानांना पापण्या आहेत का? नाहीत! आपण गाढ झोपलो तरी कान आपले उघडेच. चोवीस तास त्यांची ड्यूटी चालू. माणूस रानावनात राहत होता तेव्हा याचा फायदाच होता. जनावराची चाहूल लागली तर जाग यायला नको का? आता आपल्या दाराबाहेर वाघ-लांडगे नसतात. असते एखादी मोटारगाडी. आणि ती गाडी रात्री तीन वाजता, आत कोणी नसताना, आपण होऊन बोंबलायला लागली तर?

"ही काय गंमत?" असं तुम्ही म्हणाल. गंमत नाही, बरं का. २०२५ च्या जानेवारीत आमच्या गल्लीत हे पाच रात्री चाललं होतं. त्या पाच रात्रींत आम्ही काय केलं, काय करायचं टाळलं आणि मुलांनी काय शोधून काढलं, ते आज तुम्हाला सांगते. हे आईबाबांनाही वाचून दाखवा. कारण गाडी ठेवणारी आणि तिची किल्ली खिशात घालून निघून जाणारी मोठीच माणसं असतात, नाही का?

मी साताऱ्याला राहते आणि प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. आमची इमारत लहानशी आहे. तीन मजले, आठ बिऱ्हाडं. तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांची नुकतीच बायपास झाली होती. दुसऱ्या मजल्यावर दोन महिन्यांचं तान्हं बाळ. आणि आमच्या शेजारच्या घरात एक दादा, दहावीतला. त्याची परीक्षा जेमतेम चार आठवड्यांवर आलेली. म्हणजे झोपेची गरज कुणाला नव्हती ते सांगा!

२६ जानेवारी त्या वर्षी रविवारी आली होती. शाळेतलं झेंडावंदन उरकून मी घरी परतले तेव्हा आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून एक पांढरी गाडी उभी होती. कुणाकडे पाहुणे आले असतील, असं वाटलं. त्याच रात्री पावणेबाराच्या सुमाराला ती पहिल्यांदा ओरडली. कुईं-कुईं, पीं-पीं, टॅंव-टॅंव... एका दमात चार-पाच आवाज. अर्ध्या मिनिटानं आपोआप थांबली. आम्ही कूस बदलली. दोन वाजता पुन्हा. सव्वातीनला पुन्हा. पहाटे तर थोड्या थोड्या वेळानं तिचं चालूच.

सोमवारी सकाळी जिन्यात सगळे एकमेकांना सांगत होते, "अहो, काय ती गाडी!" आणि हसत होते. मंगळवारी सकाळी कुणी हसलं नाही. आजींच्या सूनबाई म्हणाल्या, "प्रत्येक वेळी आवाज झाला की सासूबाई दचकून उठतात आणि छातीवर हात ठेवून बसून राहतात." बाळाची आई तर काही बोललीच नाही. तिचे डोळेच सांगत होते.

गाडी कुणाची? आम्ही गल्लीतली घरं पालथी घातली. कुणाचीच नाही! गाडीचा नंबर एमएच १२ नं सुरू होणारा. तुम्हाला माहीतच असेल, ११ म्हणजे सातारा, १२ म्हणजे पुणे, ०९ कोल्हापूर, १० सांगली. झालं! सगळ्यांचं ठरून गेलं. पुण्याचा कुणीतरी शहाणा इथं गाडी टाकून मजा मारायला गेलाय. "पैशाचा माज," एक काका म्हणाले. "मुद्दामच करतात हे लोक," दुसरे म्हणाले. मुलांनो, एक लक्षात ठेवा. ज्या माणसाला आपण पाहिलेलंच नसतं, त्याचं चित्र आपणच काढतो. आणि राग आलेला असला की ते चित्र हमखास राक्षसाचं निघतं. या पुण्याच्या शहाण्याचं पुढं काय झालं, ते कळेलच तुम्हाला.

तिसऱ्या रात्री एक वेगळीच गोष्ट माझ्या ध्यानात आली. पहिल्या रात्री गाडी ओरडली तेव्हा चार खिडक्यांत दिवे लागले होते, दोघं-तिघं गॅलरीत येऊन डोकावले होते. तिसऱ्या रात्री एकही दिवा लागला नाही. "असेल तीच" म्हणून सगळे उशी कानावर दाबून पडून राहिले. इसापनीतीतली 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्हाला पाठच असेल. आता विचार करा, त्या रात्री खरोखरच चोर आला असता आणि त्यानं गाडीची काच फोडली असती, तर गाडी ओरडली असती आणि कुणीही उठून पाहिलं नसतं! चोरासाठी बसवलेला राखणदार चोराच्याच उपयोगाचा झाला. वेळीअवेळी ओरडणाऱ्या अलार्मनं नुसती झोप जात नाही, राखणही जाते.

हा आवाज इतका का बरं टोचतो? पंख्याचा आवाज रात्रभर असतो, पण आपण झोपतो. पंखा एकाच सुरात घरघरतो, म्हणून मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. अलार्मचा सूर मात्र सारखा वर-खाली होतो, चाल बदलतो, म्हणून मेंदूला त्याची सवय होत नाही. शिवाय आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची असते. त्या लांबीमुळे सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनांच्या आसपासचे आवाज कानात अधिक घुमतात. अलार्मची किंकाळी बहुधा त्याच पट्ट्यातली असते. आपलं लक्ष वेधावं म्हणूनच ती तशी बनवलेली असते. म्हणजे दोष आपल्या कानांचा नाही!

आता थोडं गणित. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. टेलिफोनचं पेटंट मिळवणाऱ्या ग्रॅहॅम बेलच्या नावावरून हा शब्द आला. पण डेसिबलची बेरीज साधी नसते. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट आणि ३० वाढले की हजारपट. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यात ठरवली आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळचे सहा. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात तर ही मर्यादा आणखी कमी, दिवसा ५० आणि रात्री ४०. दादानं मोबाइलवर आवाज मोजून पाहिला. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण अंदाज येतो. आमच्या गॅलरीत तो ७५ च्या आसपास गेला. आता तुम्हीच करा वजाबाकी. ७५ वजा ४५ बरोबर ३०. म्हणजे किती पट? बरोबर, हजारपट!

त्या तिसऱ्या रात्री बाळाच्या बाबांनी ११२ ला फोन लावला. हा तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे, मुलांनो. गंमत म्हणून तो कधीही फिरवायचा नाही. थोड्याच वेळात पोलिसांची गाडी आली. आणि काय आश्चर्य, आमची पांढरी गाडी चिडीचूप! जणू आपण त्या गावचेच नाही. हवालदारकाकांनी टॉर्चच्या उजेडात नंबर टिपून घेतला, काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, "मालकाचा माग काढायला लागेल. तुम्ही एक लेखी अर्ज द्या. किती वाजता वाजते, किती वेळ वाजते, सगळं लिहा. नुसतं 'फार त्रास होतो' असं लिहू नका."

हे वाक्य मला फार आवडलं. वर्गात मी हेच सांगते की! 'खूप' म्हणजे किती? 'सारखं' म्हणजे केव्हा केव्हा?

बुधवारी सकाळी इमारतीतल्या पाच मुलांची मी बैठक घेतली. सगळ्यात लहान तिसरीत, सगळ्यात मोठा सातवीत. एक कोरी वही काढली. पानावर रकाने आखले. तारीख, वेळ, किती वेळ वाजली, त्या वेळी रस्त्यावर काय होतं आणि कुणी ऐकलं. मोठ्या माणसांपैकी ज्याला जाग येईल त्यानं वेळ कागदावर टिपायची आणि मुलांनी सकाळी ती वहीत उतरवायची, असं ठरलं. आधीच्या तीन रात्रींच्या वेळा ज्यांना पक्क्या आठवत होत्या तेवढ्याच लिहिल्या. अंदाजपंचे लिहायचं नाही, असा नियम केला.

मग मालकासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. पहिला मजकूर मुलांनी असा केला : "तुमच्या गाडीमुळे आम्ही हैराण झालो आहोत. ताबडतोब हलवा, नाहीतर परिणाम वाईट होतील." मी विचारलं, "परिणाम म्हणजे काय रे?" सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "हे वाचून मालकाला काय वाटेल?" तिसरीतली चिमुरडी म्हणाली, "त्याला पण राग येईल, आणि मग तो मुद्दाम हलवणार नाही." शेवटी चिठ्ठी झाली ती अशी :

"गाडीच्या मालक काकांना किंवा काकूंना नमस्कार. तुमची गाडी रविवारपासून इथे आहे. तिचा अलार्म रात्री बऱ्याच वेळा आपोआप वाजतो. तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून कळवत आहोत. इथे एक आजारी आजी, एक लहान बाळ आणि दहावीचा विद्यार्थी आहे. गाडीत काहीतरी बिघाड असेल. कृपया लवकर पाहावे. चिठ्ठी मिळाली की खालच्या नंबरवर फोन करावा. इमारतीतील सर्व मुले."

'तुम्हाला हे माहीत नसेल' हे वाक्य सातवीतल्या मुलानं सुचवलं. खाली एका मुलाच्या बाबांचा नंबर दिला. दव पडून शाई पसरू नये म्हणून चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वायपरखाली अडकवली.

बुधवारची रात्र, म्हणजे चौथी, मला विसरता येणार नाही. पहाटेचे तीन वाजून गेले होते. गाडी नुकतीच ओरडून थांबली होती. तेवढ्यात खाली फाटकाची कडी वाजली. मी गॅलरीतून पाहिलं. दिव्याखाली शेजारचा दादा उभा होता आणि त्याच्या हातात अर्धी वीट होती.

मी शाल पांघरून धावतच खाली गेले. तो थंडीनं कुडकुडत होता आणि रागानंही.

"काकू, तुम्ही वर जा," तो म्हणाला. "एकच मारतो. काच फुटली की आत हात घालून बॉनेट उघडतो आणि बॅटरीची वायर ओढून काढतो. विषय संपला."

"आणि नाही संपला तर? काही गाड्यांच्या भोंग्याला स्वतःची वेगळी छोटी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीची वायर कुणी तोडली की तो जास्तच जोरात ओरडतो. चोरानं वायर तोडली तर काय, म्हणून तशी सोय केलेली असते. शिवाय दुसऱ्याची गाडी फोडणं हा गुन्हा आहे. आत्ता तक्रार आपली आहे. काच फुटली की तक्रार त्याची होईल."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकू, चार रात्री झाल्या. दिवसा पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात. अर्ज, चिठ्ठी, नियम... हे सगळं करता करता माझी परीक्षा होऊन जाईल. मग त्या नियमाचा मला काय उपयोग?"

मुलांनो, याला काय उत्तर देणार? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नियमानं जायचं म्हटलं की वेळ लागतो, आणि तो वेळ सोसावा लागतो तो ज्याला त्रास होतोय त्यालाच. 'धीर धर' असं सांगणं सोपं असतं, पण ते आपण आपल्या बंद खिडकीमागून सांगत असतो. मी म्हटलं, "खरं आहे तुझं. तुझ्या झोपेची सोय आजच व्हायला हवी. आमची मागची खोली विहिरीच्या बाजूला आहे. तिथं आवाज कमी येतो. आजपासून तू तिथं झोप आणि तिथंच अभ्यास कर. बाळालाही मागच्या बाजूच्या बिऱ्हाडात नेऊ. गाडीचं बघायला आम्ही आहोत."

त्यानं वीट भिंतीशी ठेवली. टाकली नाही, ठेवली. मला तेवढं पुरे होतं.

आता ऐका खरी गोष्ट. गुरुवारी सकाळी दादा मागच्या खोलीतून बाहेर आला तो थेट मुलांच्या वहीपाशी. बुधवारच्या रात्रीच्या वेळा अशा होत्या : ११.५०, २.१०, ३.२५, ४.१५, ४.५०, ५.२०, ५.४५. मुलांचे आपापले तर्क चालले होते. एक म्हणाला, मांजर उडी मारत असेल. दुसरी म्हणाली, दुधाच्या टेम्पोनं जमीन हादरत असेल. पण मांजर दिवसाउजेडी बॉनेटवर ऊन खात बसलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा गाडी हूं की चूं करत नव्हती. आणि दुधाचा टेम्पो रोज साडेपाचला येतो. मग दोन वाजता कोण हादरवतं?

दादानं पेन्सिल घेतली आणि दोन वेळांमधलं अंतर काढलं. १४० मिनिटं, ७५, ५०, ३५, ३०, २५. "बघा रे," तो म्हणाला, "अंतर कमी कमी होत चाललंय. रात्र सरते तशी ती लवकर लवकर वाजते. आणि दिवसा ऊन पडलं की जवळजवळ वाजतच नाही. रात्री काय वाढतं?"

"अंधार!" तिसरीतली चिमुरडी.

"थंडी!" सातवीतला.

"थंडी," दादा म्हणाला. "थंडीत बॅटरीची ताकद कमी होते. शास्त्राच्या सरांनी सांगितलंय. गाडीची बॅटरी उतरत आलीय. चोर नाही, मांजर नाही, काही नाही."

आदल्या रात्री वीट घेऊन उभा असलेला तो हाच मुलगा, बरं का!

आम्ही अर्ज लिहिला. वर तारीख, जागा, गाडीचा नंबर आणि रंग. मग कधीपासून, कोणकोणत्या वेळी, किती वेळ. कुणाला काय त्रास होतो तेही लिहिलं. शेवटी विनंती : मालकाला कळवावे आणि आवाज बंद करण्याची व्यवस्था करावी. वहीच्या पानांची झेरॉक्स जोडली. आठही बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. अर्ज पोलीस ठाण्यात दिला आणि पोचपावती म्हणून आपल्या प्रतीवर शिक्का घेतला. हे शिक्क्याचं विसरायचं नाही. पोलिसांनी पानं चाळली आणि म्हणाले, "असा अर्ज आला की काम सोपं होतं." गाडीच्या नंबरावरून आपल्याआपल्याला मालकाचं पूर्ण नाव-पत्ता मिळत नाही आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुणीही कुणाच्याही घरी जाऊन भांडेल! पोलिसांना मात्र ती नोंद पाहता येते.

पाचव्या रात्री आवाज बारीक झाला होता. घसा बसल्यासारखा. मुलांनी वहीत लिहिलं, "आवाज रडका येतोय." दादाचा तर्क बरोबर असल्याची ती आणखी एक खूण होती. प्रत्येक वेळी ओरडताना गाडी आपलीच बॅटरी आणखी संपवत होती.

शुक्रवारी दुपारी मालकाचा फोन आला. कोण होते ते, माहीत आहे? आमच्या मागच्याच गल्लीत राहणारे एक गृहस्थ! पुण्याला नोकरी करत असताना गाडी घेतली होती, म्हणून नंबर पुण्याचा. त्यांच्या गल्लीत ड्रेनेजचे पाइप टाकायला रस्ता खोदलेला होता. गाडी दारापर्यंत नेता येईना, म्हणून त्यांनी ती आमच्या भिंतीशी लावली आणि भाचीच्या लग्नाला रेल्वेनं नागपूरला गेले. इकडे काय गोंधळ चाललाय याची त्यांना कल्पनाही नव्हती. पोलिसांचा फोन आल्यावर ते इतके ओशाळले की लगेच मेव्हण्यांना कळवून घरातली दुसरी किल्ली काढायला लावली. संध्याकाळी मेव्हणे एका मेकॅनिकला घेऊनच आले.

सगळी मुलं गाडीभोवती जमली. मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडून दाखवलं. अलार्म गाडीबरोबर आलेला नव्हता, मागून बसवलेला होता. दारांना आणि बॉनेटला बारीक बटणं असतात. दार उघडलं की बटण सुटतं आणि अलार्मला कळतं. एक छोटी डबी धक्का ओळखते. या अलार्मची आणखी एक युक्ती होती. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि बॅटरीचा विद्युतदाब किंचित पडतो. असा दाब पडला की अलार्म समजतो, कुणीतरी दार उघडलं! बॅटरी जुनी, त्यात थंडी, त्यामुळे दाब आपोआपच पडत होता, आणि अलार्म बिचारा प्रत्येक वेळी "चोर, चोर" म्हणून ओरडत होता. दादाकडे पाहून सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मेकॅनिककाका म्हणाले, "हे तुम्ही वहीवरून काढलंत? मग मला कशाला बोलावलंत?"

पुढच्या मंगळवारी मालक स्वतः आले, नागपूरची संत्राबर्फी घेऊन. आजींनी त्यांना सोडलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, गाडीला राखणदार ठेवलात, पण राखणदाराला गप्प करायला कुणी ठेवलं नाहीत!" ते हात जोडून उभे. पैशाचा माज वगैरे म्हणणारे काका बर्फीचा तुकडा तोंडात टाकून मुकाट्यानं भिंतीकडे बघत होते.

काही मुलं विचारतील, "बाई, नुसता बर्फीचा पुडा? दंड नाही?" दंडाची तरतूद आहे, मुलांनो. सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक वेळ तशीच सोडून दिलेली गाडी पोलिसांना उचलून नेता येते, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं तर २००५ सालीच ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात सांगितलं आहे की, नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. आणि हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजासाठी १९९३ साली खास कायदा करावा लागला. मालक सापडला नाही तर तिथले अधिकारी गाडीवरच नोटीस चिकटवतात. मालक ऐकत नसेल, हसण्यावारी नेत असेल, तर ही कलमं जरूर वापरायची. त्यासाठीच ती असतात. पण ज्याला ठाऊकच नाही त्याला आधी ठाऊक करून द्यायचं.

आता आईबाबांना चार गोष्टी सांगा. गाडी परक्या गल्लीत ठेवून गावाला जायचं असेल तर पुढच्या काचेआड फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. दुसरी किल्ली जवळच्या कुणाकडे तरी ठेवा. बॅटरी जुनी झाली असेल तर निघण्याआधी तपासून घ्या. धक्का ओळखणारी डबी फार हळवी असेल, तर मेकॅनिककडून ती कमी करून घेता येते. आणि शेजाऱ्यांचा फोन आला की "बघतो" म्हणू नका, बघाच!

आणि तुमच्यासाठी? आवाज गाडीचाच असेल असं नाही. कुठं भोंगा असेल, कुठं पाण्याची मोटर, कुठं मध्यरात्रीचा डीजे. आधी वही काढा. वेळ लिहा. कारण शोधा. मग गोड शब्दांत सांगा, मोठ्यांना बरोबर घेऊन. नाही ऐकलं तर अर्ज करा. आणि हे सगळं होईपर्यंत ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतोय त्याची सोय आपल्या घरात होते का ते बघा. नियम आपला वेळ घेतात. तेवढा वेळ शेजाऱ्यांनी भरून काढायचा असतो.

मे महिन्यात निकाल लागला. दादा चांगल्या गुणांनी पास झाला. शास्त्रात तर फारच छान. ते गुण वहीमुळे मिळाले असं मी म्हणणार नाही, अभ्यास त्यानं केला होता. पण आमच्या मागच्या खोलीत अजून त्याची एक उशी आहे. परवा त्याच्या आईनं ती परत मागितली, तर तो म्हणाला, "राहू दे तिथं. पुढं बारावी आहे."